अस्तर बाहेर आलेली पेशी

डोंबिवली स्थानकातून सकाळी सुटणाऱ्या जलद गाडीत, डबे आणि पिशव्या सांभाळीत कचेरीच्या वाटेला लागलेल्या माणसांमध्ये, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेली आणि तपासण्यांच्या कागदांची जाड फाईल छातीशी धरलेली एखादी बाई, आणि गर्दीचा धक्का तिला लागू नये म्हणून हात आडवा धरून उभा असलेला तिचा मुलगा किंवा भाऊ दिसला, की ही मंडळी दादरला उतरून परळच्या टाटा रुग्णालयात निघाली आहेत हे कोणी सांगावे लागत नाही. 1941 साली सुरू झालेल्या त्या रुग्णालयाशी आमच्या गावातील बहुतेक प्रत्येक चाळीचे, प्रत्येक इमारतीचे काही ना काही नाते जुळलेले आहे. त्या बाईला रुमाल बांधण्याची वेळ का आली, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. गाठ छातीत किंवा पोटात, औषध दिले त्या गाठीसाठी, आणि गळाले मात्र डोक्यावरचे केस, हे कसे? या कोड्याचा उलगडा नीट करून घेतला, तर कर्करोगाच्या संशोधनात गेली तीस-पस्तीस वर्षे चिकाटीने शोधल्या जात असलेल्या एका निराळ्या वाटेच्या तोंडाशी आपण येऊन पोहोचतो.

वेग ओळखणारे औषध

रोगजंतू हा परका असतो. त्याच्या शरीराची घडण आपल्याहून इतकी निराळी असते, की फक्त त्यालाच बाधेल असे द्रव्य सापडणे कठीण असले तरी अशक्य नसते. कर्करोगाची पेशी मात्र आपल्याच रक्तामांसाची, आपल्याच पेशींच्या वंशात जन्मलेली, आणि बहुतेक सर्व बाबतींत शेजारच्या निरोगी पेशीसारखीच असते. तिच्यातील ठळक फरक एवढाच की ती विभाजन थांबवीत नाही. म्हणून रसायनोपचारातील जुन्या औषधांपैकी बरीचशी या विभाजनावरच घाव घालतात. परंतु केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आणि आतड्याच्या आतील त्वचेत, तसेच हाडांतील मज्जेत निरोगी पेशीही सतत विभागत असतात, आणि औषध वेग तेवढा ओळखत असल्यामुळे त्यांच्यावरही तोच प्रसंग ओढवतो. केस गळणे, तोंड येणे, रक्तातील पांढऱ्या पेशी घटणे ही सारी त्याचीच फळे होत.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. उणीव विषाच्या तीव्रतेची नाही. तीव्र विषे आपल्याजवळ मुबलक आहेत. उणीव आहे ती ओळखीची. वेगाखेरीज दुसरी कोणती खूण या पेशीच्या अंगावर आढळते काय, आणि तीही आत न शिरता, बाहेरूनच वाचता येईल अशी?

अस्तर आणि वरचे कापड

अशी एक खूण पेशीपटलात आहे. पेशीपटल म्हणजे पेशीला सर्व बाजूंनी वेढणारा मेदयुक्त पापुद्रा. त्याची जाडी सुमारे 5 नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचे दोन लाख भाग केले तर त्यातील एका भागाइतकी. हा पापुद्रा दुहेरी असतो. फॉस्फोलिपिड नावाच्या रेणूंचे दोन थर पाठीला पाठ लावून उभे असतात. प्रत्येक रेणूचे डोके पाण्याकडे आणि तेलकट शेपट्या आत, एकमेकींकडे वळलेल्या. अस्तर लावलेल्या अंगरख्यात वरचे कापड एक आणि आतले अस्तर निराळे असते, तसेच येथेही आहे: बाहेरच्या थरात मुख्यतः फॉस्फॅटिडिलकोलीन आणि स्फिंगोमायलिन हे रेणू असतात, ज्यांच्यावरील धन आणि ऋण प्रभार एकमेकांना फेडून टाकतात, तर आतल्या थरात फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा ऋणप्रभारित रेणू जपून ठेवलेला असतो.

'जपून ठेवलेला' हा शब्द मी जाणूनबुजून योजीत आहे. हा रेणू आपसूक आत राहत नाही. तो चुकून बाहेरच्या थरात गेलाच, तर त्याला पकडून पुन्हा आत ढकलण्यासाठी फ्लिपेझ नावाची प्रथिने पटलात नेमलेली असतात आणि या कामी पेशी आपली ऊर्जा अखंड खर्च करीत असते. निरोगी पेशी मरणपंथाला लागली म्हणजे हा बंदोबस्त सुटतो, अस्तर बाहेर दिसू लागते, आणि ती खूण पाहून शरीरातील भक्षक पेशी येऊन तिची विल्हेवाट लावतात.

कर्करोगाच्या पुष्कळ पेशींमध्ये नवल असे आढळते की पेशी मरत तर नाही, उलट जोमाने वाढते. आणि तरीही तिचे अस्तर काही अंशी बाहेर आलेले असते. प्राणवायूची टंचाई, पेशीतील कॅल्शियमचे बदललेले प्रमाण, फ्लिपेझच्या कामात पडणारा खंड अशी कारणे त्यामागे असतात. त्यात भर पडते ती पेशीच्या पृष्ठावरील सायलिक आम्लासारख्या ऋणप्रभारित शर्करांची. परिणामी निरोगी पेशीचा बाह्य पृष्ठभाग विद्युतदृष्ट्या जवळजवळ उदासीन, तर कर्करोगाच्या पेशीचा थोडासा ऋण, असा भेद उत्पन्न होतो. हा भेद थोडासाच आहे, हे मात्र विसरता कामा नये, कारण पुढील सर्व खटाटोप त्या 'थोडासा' या शब्दापायी करावा लागतो.

चौकट: लागतील तेवढ्या संज्ञा

अमिनो आम्ले ही प्रथिनांची घटकद्रव्ये. सजीवांत त्यांचे 20 मुख्य प्रकार आढळतात. ती एकापुढे एक जोडली की साखळी होते. शेकडो कड्यांची साखळी म्हणजे प्रथिन, आणि साधारणतः पन्नास कड्यांच्या आतली म्हणजे पेप्टाइड. लायसीन व आर्जिनीन या कड्यांवर धनप्रभार असतो. ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन, फेनिलॲलनीन या कड्या तेलकट, म्हणजेच जलद्वेषी; पाणी टाळून त्या मेदात शिरू पाहतात.

बेडकाच्या कातडीतील द्रव्य

ऋण पृष्ठाकडे धनप्रभारित वस्तू ओढली जाणार हे उघड आहे. अशा वस्तू निसर्गाने कोट्यवधी वर्षांपूर्वीच घडवून ठेवल्या आहेत, कारण जंतूंचा पृष्ठभागही ऋणप्रभारित असतो. मायकेल झॅसलॉफ हे अमेरिकन संशोधक आफ्रिकेतील एका जातीच्या बेडकांवर शस्त्रक्रिया करून त्यांना पुन्हा पाण्याच्या टाकीत सोडीत असत. ते पाणी काही निर्जंतुक नव्हते, तरीही जखमा चिघळत नाहीत असे त्यांच्या लक्षात आले. त्याचा शोध घेताना 1987 साली त्यांनी बेडकाच्या कातडीतून 23 कड्यांची पेप्टाइडे वेगळी काढली आणि त्यांना मॅगेनिन हे नाव दिले. पुढे 1991 साली असे प्रसिद्ध झाले की ही पेप्टाइडे कर्करोगग्रस्त पेशींचेही पटल भेदून त्यांना मारतात.

याकरिता आफ्रिकेपर्यंत जाण्याचेही कारण नाही. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात आमच्याकडे सखल जागी पाणी साचले, की रात्रभर जे मोठे बेडूक ओरडतात आणि ज्यांतील नर त्या दिवसांत हळदीसारखे पिवळे होतात, त्या भारतीय बेडकाच्या कातडीतूनही हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी 2001 साली अवघ्या 11-12 कड्यांची जंतुनाशक पेप्टाइडे शोधून काढली. टायगेरिनिन हे त्यांचे नाव. मधमाशीच्या विषात 26 कड्यांचे मेलिटिन असते. गाईच्या दुधात, आणि विशेषतः ज्याचा आपण खरवस करतो त्या चिकात, लॅक्टोफेरिन नावाचे प्रथिन असते. जठरातील पेप्सिनने त्याचे तुकडे केले असता 25 कड्यांचे लॅक्टोफेरिसिन हाती येते. त्याचा कर्करोगाच्या पेशींवरील परिणाम प्रयोगशाळेत दिसला आहे. परंतु खरवस खाऊन किंवा मधमाशीचा डंख करवून घेऊन कोणाची गाठ जाईल असा अर्थ त्यातून कोणी काढू नये. मेलिटिन तर कर्करोगाच्या पेशीबरोबर रक्तातील निरोगी तांबड्या पेशीही तितक्याच सहजतेने फोडते. त्याच्यापाशी बळ आहे, विवेक नाही.

कागद आणि कोनमापक

आता मॅगेनिनसारखे पेप्टाइड पटलावर नेमके काय करते ते जवळून पाहू. पाण्यात असताना ही साखळी सैल, आकारहीन असते. पटलाला टेकली म्हणजे ती सर्पिल आकारात वळते, आणि या सर्पिलात प्रत्येक कडी आधीच्या कडीपासून सुमारे 100 अंशांनी फिरलेली असते. वाचकाने हवे तर कागद, कंपास आणि कोनमापक घ्यावा, एक वर्तुळ काढावे, पहिली कडी 0 अंशावर मांडावी, दुसरी 100 वर, तिसरी 200 वर, चौथी 300 वर, पाचवी 400 म्हणजे 40 वर, याप्रमाणे 23 कड्या पूर्ण कराव्यात.

मॅगेनिन-2 मध्ये धनप्रभारित लायसीन 4, 10, 11 आणि 14 या स्थानांवर आहे. साखळी सरळ वाचली तर या स्थानांत काही संगती दिसत नाही. परंतु वर्तुळावर ती अनुक्रमे 300, 180, 280 आणि 220 अंशांवर येतात, म्हणजे चारही एकाच बाजूला. उलट आयसोल्युसीन, फेनिलॲलनीन, ल्युसीन, व्हॅलीन या तेलकट कड्या 2, 5, 6, 12, 16, 17 आणि 20 या स्थानांवर आहेत. त्या 20 ते 160 अंशांच्या दरम्यान, म्हणजे समोरच्या बाजूला गोळा झालेल्या आढळतात. ज्या साखळीचे एक अंग धनप्रभारित आणि दुसरे तेलकट, तिला उभयस्नेही म्हणतात. डेव्हिड आयझेनबर्ग यांनी 1982 साली हे विभाजन किती ठळक आहे ते एका आकड्यात मोजण्याची रीत दिली, आणि त्या रीतीमुळे हा गुण संगणकाला हिशेबात धरता येऊ लागला.

अशी उभयस्नेही साखळी ऋण पृष्ठाकडे ओढली जाते, धनप्रभारित अंग फॉस्फॅटिडिलसेरिनच्या डोक्यांशी जुळवून घेऊन आडवी पडते आणि तेलकट अंग शेपट्यांच्या थरात रुतवते. एकीने काही बिघडत नाही. परंतु जसजशा अधिकाधिक साखळ्या येऊन पडतात तसतसा बाहेरचा थर ताणला जातो, आणि एका मर्यादेपलीकडे तो ताण पटलाला सोसत नाही. मग कधी साखळ्या पटलातून आरपार उभ्या राहून छिद्राची भिंत बनतात. कधी, मॅगेनिनच्या बाबतीत मानले जाते त्याप्रमाणे, फॉस्फोलिपिडांची डोकीही त्यांच्यासोबत आत वळून छिद्राच्या कडेला सामील होतात. तर कधी पृष्ठभर पसरलेल्या साखळ्या पटलाचे तुकडेच पाडतात. छिद्रे पडली की आतील क्षार बाहेर, बाहेरील कॅल्शियम आत, आणि पेशीचा कारभार आटोपला. काही साखळ्या आत शिरून पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांवरही घाला घालतात, कारण त्यांच्या पटलातही कार्डिओलिपिन नावाचा ऋणप्रभारित मेद असतो.

परळमधील एक संग्रह

निसर्गाने दिलेली पेप्टाइडे आहेत तशीच औषध म्हणून वापरता येत नाहीत. ती सुधारावी लागतात, आणि सुधारणा म्हणजे कड्यांची अदलाबदल. परंतु 20 प्रकारच्या कड्यांपासून 20 कड्यांची साखळी किती प्रकारे करता येईल? उत्तर येते 1 वर 26 शून्ये. दर सेकंदाला दहा लाख साखळ्या तपासणारी प्रयोगशाळा कोणी उभारली, तरी सर्व साखळ्या तपासून संपण्यास विश्वाच्या आजवरच्या वयाच्या, म्हणजे 1380 कोटी वर्षांच्या, दोनशेपटीहून अधिक काळ लागेल. यास्तव आधी संगणकाने चाळणी करावी आणि निवडक साखळ्याच प्रयोगशाळेत घडवाव्यात, अशी रीत पडली.

संगणकाला शिकवायचे तर उदाहरणे हवीत, आणि उदाहरणांसाठी दप्तर हवे. असे एक दप्तर टाटा रुग्णालय ज्या परळमध्ये आहे तेथेच, राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत तयार झाले, याचा मला फार संतोष वाटतो. सुसान इडिक्युला-थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पुण्यातील संशोधकांच्या साहाय्याने, 'कॅम्प' या नावाचा जंतुनाशक पेप्टाइडांचा संग्रह 2010 साली सर्वांसाठी विनामूल्य खुला केला. त्यात तेव्हा 3782 साखळ्या होत्या. त्यांपैकी 2766 प्रयोगाने सिद्ध झालेल्या आणि 1016 केवळ अंदाजित, आणि ही दोन खाती त्यांनी काटेकोरपणे वेगळी ठेवली होती. पुढच्या आवृत्त्यांत संग्रह दहा हजारांपलीकडे गेला. खास कर्करोगविरोधी पेप्टाइडांसाठी चंदीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत गजेंद्र पाल सिंह राघव यांच्या गटाने 2013 साली 'अँटी-सीपी' ही पद्धत सिद्ध केली आणि 2020 साली दिल्लीहून तिची दुसरी आवृत्ती काढली.

शिकवण्याची रीत अशी: प्रत्येक साखळीची कैफियत आकड्यांत लिहितात. कोणती कडी किती टक्के, कोणत्या जोड्या किती वेळा, एकूण प्रभार किती, तेलकटपणा किती, उभयस्नेहीपणा किती; आणि सोबत 'परिणामकारक' किंवा 'निष्फळ' असा शेरा. हजारो कैफियती वाचून यंत्र शेऱ्यांमागची संगती हेरते आणि नव्या, शेरा नसलेल्या साखळीवर आपले मत देते.

92 आणि 75

या मताची किंमत किती, हे राघव यांच्या दुसऱ्या आवृत्तीत फार चांगले दिसते, आणि या विषयातील मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच आहे. त्यांनी यंत्राची परीक्षा दोन प्रकारे घेतली. पहिल्या प्रकारात कर्करोगविरोधी पेप्टाइडांसमोर, कोणत्याही प्रथिनातून सहज उचललेले तुकडे 'निष्फळ' म्हणून ठेवले. यंत्राने सुमारे 92 टक्के वेळा बरोबर निवाडा दिला. दुसऱ्या प्रकारात समोर ठेवली ती जंतुनाशक पेप्टाइडे, म्हणजे तशीच धनप्रभारित, तशीच पटलावर जाणारी, परंतु कर्करोगविरोधी म्हणून नोंद नसलेली. येथे तेच प्रमाण सुमारे 75 टक्क्यांवर आले.

पहिल्या परीक्षेत यंत्राला 'ही साखळी पटलाला चिकटेल काय' एवढेच सांगायचे होते. 'कोणत्या पटलाला चिकटेल आणि कोणते सोडून देईल' हा प्रश्न दुसऱ्या परीक्षेत आला, आणि रोग्याच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच. जंतू, कर्करोगाची पेशी आणि निरोगी पेशी या तिन्हींच्या पटलांतील भेद साखळीच्या अक्षरांत लिहिलेला नसतो. शिवाय 'निष्फळ' या शेऱ्याचाही विचार करावा. सहज उचललेला तुकडा निष्फळ आहे असे आपण धरून चालतो. त्याची शहानिशा कोणी केलेली नसते. आणि ज्या साखळ्या प्रयोगशाळांत खरोखरच घडवल्या, तपासल्या आणि निकामी ठरल्या, त्यांची हकीकत छापण्याची चाल नसल्यामुळे ती वह्यांतच राहते. माझे मत असे की, यंत्रांच्या रचनेतील नवनव्या युक्त्यांपेक्षा या फसलेल्या साखळ्यांची नोंद, कोणत्या पेशीवर, किती मात्रेत, तांबड्या पेशींचे काय झाले अशा तपशिलासह, ठेवली जाणे अधिक निकडीचे आहे.

ही खंत असूनही यंत्राची करामत नाकारता येणार नाही. झुरिकच्या गिझबर्ट श्नायडर यांच्या गटाने 2018 साली यंत्राला आधी सर्पिल, धनप्रभारित साखळ्या वाचावयास दिल्या, मग 26 ज्ञात कर्करोगविरोधी साखळ्यांवर त्याचा हात बसवला, आणि त्यालाच नव्या साखळ्या रचावयास सांगितले. त्यांतील 12 प्रयोगशाळेत घडवल्या; स्तनकर्करोगाच्या पेशींवर 10 परिणामकारक ठरल्या, आणि त्यांपैकी 6 साखळ्यांना तांबड्या पेशींपेक्षा कर्करोगाच्या पेशी निदान तिप्पट अधिक बळी पडत होत्या.

रेणूंची हालचाल पाहणे

साखळीच्या अक्षरांत नसलेला भेद पाहण्यासाठी पटलच संगणकात उभारावे लागते. या शास्त्राला रेणुगतिकी म्हणतात. शे-दोनशे फॉस्फोलिपिडांचा चौकोनी तुकडा, त्याच्या वर-खाली पाणी आणि क्षार, आणि पाण्यात सोडलेले पेप्टाइड, मिळून हजारो अणू. प्रत्येकावर इतरांचे आकर्षण-अपकर्षण किती ते काढायचे, न्यूटनच्या नियमाने त्याला किंचित पुढे सरकवायचे, आणि पुन्हा तेच. एका पावलाचा काळ साधारणतः 2 फेमटोसेकंद. फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाचे 1 वर 15 शून्ये इतके भाग केले असता येणारा एक भाग. म्हणजे एका मायक्रोसेकंदाची हकीकत पाहावयाची तर 50 कोटी पावले मोजावी लागतात. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 साली 'परम 8000' घडवला आणि त्याच वंशातील 'परम ब्रह्म' आज पुण्याच्या आयसर संस्थेत आहे. अशा महासंगणकांवाचून हे गणित निभत नाही.

संशोधक दोन पटले मांडतात: एक केवळ उदासीन रेणूंचे, निरोगी पेशीच्या जागी, दुसरे फॉस्फॅटिडिलसेरिन मिसळलेले, कर्करोगाच्या पेशीच्या जागी. तेच पेप्टाइड पहिल्यापाशी घुटमळते, टेकते, पुन्हा पाण्यात परतते. दुसऱ्यापाशी त्याची लायसीनची टोके ऋण डोक्यांना धरून बसतात. कोणती कडी बदलली असता पहिल्यावरील पकड सुटते आणि दुसऱ्यावरील टिकते, हे येथे तपासता येते. छिद्र पडण्यास लागणारा काळ मात्र बहुधा गणिताच्या आवाक्याबाहेर राहतो. म्हणून नेदरलँड्समधील ख्रोनिंगन विद्यापीठात विकसित झालेल्या 'मार्टिनी' पद्धतीप्रमाणे हायड्रोजन वगळता सुमारे चार-चार अणूंचा एकेक गोळा धरून, थोडी बारकाई सोडून देऊन, अधिक काळ पाहण्याची तडजोड करतात.

रक्तातील अडथळे

तांबड्या पेशी न फोडणे ही पहिली अट. तेलकटपणा वाढवला की साखळीचे बळ वाढते, परंतु ती उदासीन पटलातही घुसू लागते. म्हणून रचनाकाराला प्रभार आणि तेलकटपणा यांचा तोल राखावा लागतो. दुसरी अडचण शरीराचीच आहे: रक्तातील विकरे अशी साखळी थोड्याच वेळात तोडून टाकतात. त्यावर उपाय म्हणून काही कड्या आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलट घडणीच्या घालतात, ज्या विकरांना ओळखू येत नाहीत, किंवा निसर्गात नसलेली कडी बसवतात.

चिकातल्या त्या लॅक्टोफेरिसिनवरून नॉर्वेत घडवलेले 'एलटीएक्स-315' हे केवळ 9 कड्यांचे पेप्टाइड या दोन्ही अडचणींतून वाट काढून रोग्यांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचले आहे. त्यातील एक कडी कृत्रिम आहे. ते शिरेतून न देता थेट गाठीत टोचतात. तेथे पेशी फुटल्या म्हणजे त्यांच्या आतील द्रव्ये सांडतात आणि त्यांचा माग काढीत शरीराचे संरक्षक दल गाठीवर चालून येते, अशी त्यामागची अपेक्षा आहे. तथापि पटल फोडून कर्करोगाचा नाश करणारे एकही पेप्टाइड आजवर मान्यताप्राप्त औषध झालेले नाही. फुप्फुसात किंवा यकृतात खोल बसलेल्या गाठीपर्यंत रक्तातूनच जावे लागते, आणि त्या प्रवासात साखळी तुटू नये, रक्तातील प्रथिनांना चिकटून अडकू नये, मूत्रपिंडाने गाळून टाकू नये, या तीन अटी आता संगणकावरील चाळणीतच घालण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्या पुऱ्या होईतोवर सुईने गाठता येतील अशा त्वचेवरील, त्वचेखालील आणि तत्सम गाठी हेच या साखळ्यांचे मुख्य कार्यक्षेत्र राहील.